वरचं टोक

स्कूवॉयच्या कड्यावर बाबा कायम वरच्या टोकाला.
खाली दोराला लटकलेला कुणीतरी, बहुतेकदा एय्विंडकाका,
लोमवी पक्ष्यांची अंडी वेचत खडकाच्या भिंतीवरून सरकणारा,
आणि वर सहा माणसं, गवतात टाचा रुतवून.
लटकलेल्यानं दोर धरायचा नसतो, बाबा म्हणायचे,
त्याचे हात अंड्यांसाठी.
धरायचं आम्ही.

रविवारी भाकर मोडण्याआधी सभेतही तेच सांगायचे,
फक्त दोर धरणाऱ्याचं नाव वेगळं.
घसराल, शेवाळावर आपटाल, गुडघे फोडून घ्याल,
पण तारण सुटायचं नाही.
ज्याला त्यानं एकदा बांधला
त्याला तो वाऱ्यावर सोडत नाही.

शेजारची ऑडव्हर लूथरन. एकदा गडग्यापलीकडून
रूबार्बची जुडी घेता घेता तिनं विचारलं,
आणि त्यानंच गाठ सोडली तर, हानुस?
माझ्या भावानं सोडली.

बाबा म्हणाले, मग ती मुळात बसलीच नव्हती.

ती काही बोलली नाही. जुडी घेऊन घरात गेली.
मी नऊ वर्षांची होते.
त्या रात्रीपासून पांघरुणाखाली
मी माझी गाठ चाचपून बघू लागले.

चौदाव्या वर्षी मे महिन्यातल्या समुद्रात बाप्तिस्मा.
दात वाजत होते. मानेखाली बाबांचा तळवा,
सगळ्या खाडीत तेवढाच ऊबदार.

मग बत्तिसाव्या वर्षी, ओरहूसमध्ये, बटाटे सोलताना
लक्षात आलं की कितीतरी महिन्यांत
मी वर कुणाला हाकच मारलेली नाही.
भांडण नाही. ज्याला पाप म्हणावं असंही काही नाही.
बटाटे उकडले, खाल्ले.
फोनवर बाबा प्रार्थना करायचे, मी आमेन म्हणायचे,
वीस वर्षं म्हटलं.

आता ते टोर्सहाव्हनच्या वृद्धाश्रमात, दुसऱ्या मजल्यावर.
आधी फोन नंबर गेला, मग आईचं नाव,
आणि जानेवारीत ते नाव,
जे पन्नास वर्षं प्रत्येक घासाआधी घेतलं.
सभेतले एलियेसर येऊन वाचत होते,
बाबांनी मधेच थांबवून नम्रपणे विचारलं,
तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय, ते गृहस्थ कोण?
मी नाही ओळखत.

बाहेर पॅसेजमध्ये एलियेसरनी माझी बाही धरली.
हा आजार बोलतोय, मार्युन. हे धरलं जात नाही.
मी मान हलवली.
ज्याचा मेंदू ठणठणीत आहे त्याचं काय,
असं विचारायचं होतं.
गाडी कुठे लावलीत, असं विचारलं.

ऑडव्हरही इथेच आहे, पॅसेजच्या टोकाला, एक्क्याण्णव वर्षांची.
चाकाच्या खुर्चीतून येते, बाबांच्या शेजारी बसते.
तिला सगळं आठवतं.
आज तिनं विचारलं असतं तर चाललं असतं.
ती त्यांच्या हनुवटीवरचं सूप पुसते.

आज दुपारी मी विणत होते. करडी लोकर.
गुंडा घरंगळत त्यांच्या पायाशी गेला.
त्यांनी धागा उचलला, मनगटाला दोन वेढे दिले,
पाठीमागून घेतला, लिनोलियमवर टाचा रोवल्या
आणि मागे रेलले,
सगळा भार देऊन.

खाली कोण आहे?

मी, म्हटलं.

अंडी मिळाली?

थोडी.

घाई करू नकोस. आम्ही आहोत.

आम्ही, म्हणाले. खोलीत ते एकटेच.

पाच वाजले. नर्स गोळ्या घेऊन दारात उभी.
ते वेढे सोडवायला तयार नाहीत.
लोकरच ती, जराशा हिसक्यानं तुटेल.
मी हलत नाही.